प्रकल्प नोंदी: चित्रावर मराठी मजकूर उमटवणारी लायब्ररी, जानेवारी ते मे २०२५

८ जानेवारी २०२५, बुधवार

साचलेले इश्यू (वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी) वाचून काढले. बरेचसे किरकोळ आहेत. कुणाचं विंडोजवर इन्स्टॉल अडतंय, कुणाला पीडीएफ जड वाटतेय. एक मात्र बाजूला काढून ठेवला.

सोलापूर जिल्ह्यातले एक शिक्षक आपली लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) वापरून शाळेची प्रमाणपत्रं तयार करतात. एक्सेलमधली नावांची यादी, प्रमाणपत्राचा कोरा नमुना आणि थोडंसं पायथन, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. त्यांनी लिहिलंय: "यादीत कुऱ्हाडे आडनावाची दोन मुलं आहेत. एकाचं नाव नीट येतं, दुसऱ्याच्या ‘ह’वर रफार चढतो. प्रमुख पाहुणे वकील आहेत, त्यांच्या ‘ॲड.’मध्ये टिंबाटिंबांचं वर्तुळ दिसतं. मागच्या वर्षी हीच यादी बरोबर छापली होती. २६ जानेवारीला वाटप आहे, तेवढं बघा."

नव्याने हातभार लावणाऱ्यांसाठी लायब्ररीची ओळख इथेच लिहून ठेवतो. काम साधं आहे: चित्र उघडायचं, त्यावर मजकूर, चौकटी, क्यूआर कोड बसवायचे आणि पीएनजी किंवा पीडीएफ बाहेर द्यायची. वरचा थर पायथनचा, गाभा सी भाषेत. अक्षरांची जुळणी, म्हणजे वेलांटी, रफार, जोडाक्षरं जागच्या जागी बसवणं, हार्फबझ करतं, अक्षरांच्या बाह्यरेषा भरून त्यांचे पिक्सेल फ्रीटाइप बनवतं, रेषा आणि रंग कैरो सांभाळतं. या तिन्ही दुसऱ्यांनी बनवलेल्या लायब्ररी. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस ही सगळी मंडळीही अक्षरजुळणीसाठी हार्फबझच वापरतात. त्यामुळे मराठी ब्राउझरमध्ये नीट दिसत असेल आणि आपल्याकडे बिघडत असेल, तर शोध आपल्याच कोडपासून सुरू करायचा.

९ जानेवारी

सरांनी एक्सेल फाइल पाठवली. दोन्ही नावांतला एकेक कोड (युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला दिलेला क्रमांक) उलगडून पाहिला.

पहिलं नाव: क, उकार, ऱ (यू+०९३१), हलन्त (पाय मोडण्याची खूण), ह, काना, ड, मात्रा.

दुसरं नाव: क, उकार, र (यू+०९३०), हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी), ह, काना, ड, मात्रा.

पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसतात. ‘ऱ्हा’मधला आडवा अर्धा र लिहायचे हे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. काही कीबोर्ड ऱ देतात, काही साध्या र ला हलन्त लावून पुढे हा अदृश्य जॉइनर टाकतात. शाळेची यादी चार हातांनी भरलेली असते, त्यामुळे एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार सापडणारच. दुसऱ्या नावातला जॉइनर काढला की उरतं र, हलन्त, ह. मग हार्फबझ नियमाप्रमाणे त्याचा रफार करतं. त्यात त्याची काही चूक नाही.

‘ॲड.’चीही तीच गत. ॲ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीपासून आणि आजही पुष्कळ जण अ, मग जॉइनर, मग अर्धचंद्र असं टाइप करतात. जॉइनर गेला की अ ला थेट अर्धचंद्र चिकटतो. ही जोडी हार्फबझ अवैध मानतं आणि मधे टिंबांचं वर्तुळ घालतं.

म्हणजे दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जॉइनर हार्फबझपर्यंत पोचतच नाही. तो आपल्याच कोडमध्ये गळतो. डिसेंबरच्या आवृत्तीत सुरक्षेच्या कारणाने एक बदल घेतला गेला होता. मजकूर काढण्याआधी युनिकोडच्या ‘फॉरमॅट’ वर्गातली सगळी अक्षरं गाळून टाकायची. त्यामागचा विचार वाईट नव्हता. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मजकुराची दिशा उलटवणाऱ्या अदृश्य खुणा कोडमध्ये पेरल्या, तर वाचणाऱ्याला एक दिसतं आणि कंपायलरला (कोड संगणकाच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला) दुसरंच मिळतं. पण त्याच वर्गात आपला जॉइनर आणि जोडाक्षर होऊ न देणारा नॉन-जॉइनरही मोडतात. मराठी, मल्याळम, सिंहली, फारसी या भाषांच्या लेखनात ही अक्षरं शुद्धलेखनाचाच भाग आहेत. त्यांना कचरा समजून चालणार नाही.

११ जानेवारी

दुरुस्ती पाठवली. वर्ग पाहून सरसकट गाळणं बंद. आता गाळायच्या अक्षरांची नेमकी यादी कोडमध्ये लिहिलेली आहे: दिशा बदलणाऱ्या खुणा आणि मजकुराच्या सुरुवातीला येणारी बाइट-ऑर्डर खूण. दिशेच्या खुणाही वापरणाऱ्याने सांगितलं तरच गाळायच्या, कारण उर्दू किंवा अरबी मजकुरात त्यांची गरज पडते. यादीतल्या प्रत्येक अक्षरापुढे ते तिथे का आहे हे एका ओळीत लिहिलंय.

जर्मनीतल्या सहकारी बाईंनी रिव्ह्यूमध्ये (बदल तपासताना) नेमका प्रश्न विचारला: हे पुन्हा होणार नाही याची खात्री काय? आज खात्री नाही. आपल्या टेस्टमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांत) देवनागरीचं एकच वाक्य आहे, ‘नमस्ते दुनिया’, तेही हिंदी, आणि त्यात या गोष्टी येतच नाहीत.

छोटी आवृत्ती काढली. सरांना कळवलं की यादीत काहीही बदलू नका, फक्त लायब्ररी अद्ययावत करा. रात्रीच त्यांनी नव्याने छापलेलं प्रमाणपत्र पाठवलं. दोन्ही कुऱ्हाडे शाबूत.

१९ जानेवारी

या आठवड्यात फक्त टेस्ट. हे काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आजवर आपण चित्रांची तुलना करत होतो. एक ‘बरोबर’ चित्र साठवायचं, नवं चित्र काढायचं आणि पिक्सेलला पिक्सेल लावून पाहायचं. आडव्या-उभ्या रेषांसाठी हे ठीक आहे. अक्षरांच्या कडांवर मात्र करड्या रंगाच्या २५६ छटा असतात आणि फ्रीटाइपची आवृत्ती बदलली की त्या थोड्याफार हलतात. मग अक्षर बरोबर असूनही टेस्ट पडते. वैतागून कुणीतरी किती फरक चालेल तो सवलतीचा आकडा वाढवतं. तो इतका वाढतो की रफार चुकीच्या जागी गेला तरी टेस्टला पत्ता लागत नाही. छोट्या आकाराच्या मजकुरात रफार म्हणजे मूठभर पिक्सेल, ते त्या सवलतीत सहज बुडतात.

म्हणून मराठीसाठी चित्राआधीचा टप्पा तपासायचा ठरवलं. हार्फबझसोबत ‘एचबी-शेप’ नावाचं कमांडलाइन साधन येतं. त्याला फाँट आणि मजकूर दिला की तो ग्लिफांची, म्हणजे फाँटमधल्या अक्षरचित्रांची, यादी छापतो: कोणता ग्लिफ, मूळ मजकुरातल्या कितव्या अक्षरापासून आलेला. ‘दि’ दिलं तर आधी वेलांटीचा ग्लिफ येतो, मग द चा, आणि दोघांपुढे एकच क्रमांक, शून्य. टाइप करताना द आधी आणि वेलांटी नंतर असते, कागदावर वेलांटी आधी हवी. ती अदलाबदल झाली की नाही, हे या एका ओळीत दिसतं. करड्या छटांचा इथे संबंधच येत नाही. हार्फबझच्या स्वतःच्या टेस्टही याच धर्तीवर लिहिलेल्या आहेत.

आपण अशीच यादी आपल्या गाभ्यातून काढतो आणि अपेक्षित यादीशी ताडून पाहतो. गाळणी, तुकडे पाडणं, फाँट निवडणं हे आपले सगळे थर पार करून मजकूर हार्फबझकडे कसा पोचतो, ते यातून कळतं.

मजकूर निवडायला दोन संध्याकाळी बसलो. दर्या आणि दऱ्या ही जोडी पहिली. ‘दर्या’च्या यादीत रफाराचा ग्लिफ असलाच पाहिजे. ‘दऱ्या’ दोन्ही पद्धतींनी लिहिला तरी रफार येता कामा नये, आडवा अर्धा र यायला हवा. मग कुऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा, आणि सुरुवातीलाच तो र येतो म्हणून ऱ्हस्व, ऱ्हास. रु आणि रू, कारण र चे उकार खाली न लागता पोटात लागतात. हृदय, क्लृप्ती. वाङ्मय, कारण ङ्म कित्येक फाँटांत मोडतं. उद्ध्वस्त, ब्रह्म, स्वातंत्र्य, तीर्थरूप. ॲप तीन पद्धतींनी लिहिलेलं, त्यातल्या तिसऱ्या, जॉइनर नसलेल्या पद्धतीत टिंबांचं वर्तुळ यायलाच हवं, कारण तेच बरोबर उत्तर आहे. शेवटी पाय मोडून थांबणारे शब्द: अर्थात्, वाक्. कुणी मुद्दाम नॉन-जॉइनर घालून पाय मोडका दाखवला असेल, तर जोडाक्षर होऊ द्यायचं नाही, त्याच्याही दोन ओळी.

२ फेब्रुवारी

टेस्टसाठी फाँट लागतात आणि पूर्ण देवनागरी फाँट रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवायला जड. हार्फबझच्याच ‘एचबी-सबसेट’ने लागतील तेवढीच अक्षरं ठेवून छोट्या फाइली केल्या.

इथे परवान्याचा मुद्दा येतो. बरेचसे मोफत देवनागरी फाँट एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. त्यात बदल करायला पूर्ण मुभा आहे. पण मूळ कर्त्यांनी एखादं नाव राखीव ठेवलं असेल, तर बदललेल्या फाँटला ते नाव लावता येत नाही. अक्षरं कमी करणं हाही बदलच. म्हणून आतलं नाव बदललं, परवान्याची प्रत शेजारी ठेवली आणि फाइलींना हार्फबझमधल्याप्रमाणे त्यांच्या हॅशची, म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेल्या खुणेची, नावं दिली. वाचायला कुरूप दिसतं, पण नावावरून वाद होत नाहीत आणि फाइल कुणी चुकून बदलली तर लगेच कळतं.

मुंबईतल्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी मुक्त, बलू, मोदक असे फाँट सगळ्यांसाठी खुले केले, आयआयटी मुंबईतून शोभिका आला. या लोकांनी फाँटमध्ये जोडाक्षर न् जोडाक्षर बसवलेलं असतं. ते काम आपल्या कोडमध्ये सांडून जाऊ नये, एवढी तरी जबाबदारी आपली.

१६ फेब्रुवारी

नव्या टेस्टनी लगेच एक जुनी गोष्ट पकडली. मुख्य फाँटमध्ये एखादं अक्षर नसेल तर आपण पर्यायी फाँटकडे जातो. काही फाँटमध्ये जॉइनरसाठी ग्लिफ नसतो. तेवढ्या एका अदृश्य अक्षरासाठी आपला कोड पर्यायी फाँट शोधायचा आणि ‘दऱ्या’चे तीन तुकडे पडायचे. तुकडे वेगळे झाले की हार्फबझला एकत्र काही दिसत नाही. आता अदृश्य अक्षरं आणि मागच्या अक्षराला चिकटणारी चिन्हं मागच्याच तुकड्यात राहतात. दंडही तसाच. युनिकोडमध्ये दंड एका लिपीचा मानलेला नाही, सामाईक आहे, त्यामुळे लिपीवरून तुकडे पाडताना तो सुटा पडायचा.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन, आणि सकाळपासून इश्यूंची रांग. पुण्यातला एक गट रोज दिनविशेषाची चित्रं करतो. त्यांचं म्हणणं: "लॅपटॉपवर चित्र बरोबर येतं. तोच कोड, तोच फाँट सर्व्हरवर चालवला की ल आणि श हिंदी वळणाचे येतात." दोन चित्रं शेजारी लावून पाठवलीत. ‘कुसुमाग्रज’मध्ये फरक नाही. ‘शुभेच्छा’ आणि ‘लेखन’मध्ये स्पष्ट दिसतो.

मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहायची रीत आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही तीच रूपं धरलेली आहेत. युनिकोडला या दोन वळणांत फरक नाही, कोड एकच. फरक फाँटमध्ये असतो. चांगल्या फाँटमध्ये ‘लोकल’ नावाची सोय असते: मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की फाँट ल आणि श चे ग्लिफ बदलून देतो. म्हणून भाषा कोणीतरी सांगावी लागते.

आपण ती कधी सांगतच नव्हतो. तरी लॅपटॉपवर बरोबर कसं येत होतं? हे शोधायला दुपार गेली.

आपण हार्फबझला मजकूर देऊन म्हणतो, लिपी, दिशा आणि भाषा तूच ओळख. लिपी तो अक्षरांवरून ओळखतो. भाषा अक्षरांवरून ओळखता येत नाही, देवनागरी मराठीचीही आहे, हिंदीचीही, नेपाळीचीही, कोकणीचीही. म्हणून तो चालू प्रोग्रॅमच्या लोकेलकडे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगकडे) पाहतो. त्या गटातल्या मुलीने लॅपटॉपची भाषा मराठी ठेवलेली. पायथन सुरू होताना ते लोकेल उचलतं, हार्फबझ तिथून ‘मराठी’ घेतं आणि ल ला पाकळी मिळते. सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त जागेत) लोकेल कोणी ठेवत नाही, तिथे फाँटची मूळ रूपं येतात. म्हणजे आजवर मराठी वळण ज्यांना मिळालं ते त्यांच्या संगणकाच्या सेटिंगमुळे. आपल्या लायब्ररीने त्यासाठी काहीच केलेलं नव्हतं.

गटाला तात्पुरता उपाय दिला: कंटेनरमध्ये मराठी लोकेल बसवा. पण हे उत्तर मला पटलेलं नाही. एकाच पानावर मराठी आणि हिंदी दोन्ही असतील तर काय करायचं?

५ मार्च

भाषेवर चर्चा. मजकूर काढणाऱ्या फंक्शनला ‘भाषा’ हा नवा पर्याय द्यायचा, यावर तिघांचंही एकमत. वाद पुढचा: भाषा दिलीच नाही तर?

ब्राझीलच्या सहकाऱ्याचं मत, लोकेलवरून घेणं चालू ठेवावं, कारण ज्यांचं आज बरोबर येतंय त्यांचं मोडेल. माझं मत वेगळं आहे आणि ते मी लावून धरलं. तोच कोड, तोच मजकूर, तोच फाँट दिला तर जगातल्या कुठल्याही संगणकावर तेच चित्र आलं पाहिजे. सेटिंगवर अवलंबून असलेली शुद्धता सर्व्हर बदलला की जाते, आणि ती गेली हे कळतं ते बॅनर छापून आल्यावर. भाषा दिली नसेल तर ‘अनिश्चित’ धरावी आणि तसं स्पष्ट लिहून ठेवावं.

ठरलं ते असं. पुढच्या आवृत्तीत पर्याय येईल आणि लोकेलवरून भाषा घेतली गेली तर इशारा छापला जाईल. त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीत लोकेल बघणं बंद. ज्यांचं बदलणार आहे त्यांना हातात एक आवृत्तीभर वेळ मिळतो. मजकुराच्या तुकड्यागणिक भाषा देता यावी, हीही मागणी मान्य झाली. शाळेच्या त्रैभाषिक फलकाला तेच लागतं.

१४ मार्च

धुळवडीची सुट्टी, ती फ्रीटाइपने घेतली. या आठवड्यात सीव्हीई-२०२५-२७३६३ ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली. फ्रीटाइप २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत, व्हेरिएबल फाँटमधल्या संयुक्त ग्लिफांचे भाग वाचताना मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिलं जाऊ शकतं. याचा प्रत्यक्ष गैरवापर झाला असण्याची शक्यताही त्याच सूचनेत नोंदवली आहे.

आपल्या बांधलेल्या पॅकेजमध्ये फ्रीटाइप आतच असतं. वापरणाऱ्याने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली तरी आपल्या पोटातली जुनी प्रत तशीच राहते. चालू आवृत्तीत नवं फ्रीटाइप होतं. मागची, जी आपण अजून सांभाळतो, तिच्यात जुनं. दोन्हीचे बिल्ड पुन्हा चालवले, जुन्या शाखेचं पॅकेज काढलं. कुणी दिलेला फाँट आपल्या सर्व्हरवर उघडणाऱ्यांनी आजच अद्ययावत करावं, असं घोषणेत पहिल्याच ओळीत लिहिलं.

आत कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे हे एका फंक्शनने सांगावं, ही मागणी बरेच दिवस पडून होती. ती आज पूर्ण केली. अशा दिवशी लोक हेच विचारतात.

२९ मार्च

उद्या पाडवा. शुभेच्छांची चित्रं करणाऱ्यांकडून नेहमीचे प्रश्न. मोठ्या अक्षरात ‘गुढीपाडवा’ची दीर्घ वेलांटी शिरोरेषेच्या वर कापली जाते. आपण ओळीची उंची फाँटने दिलेल्या आकड्यांवरून धरतो, काही सजावटी फाँटचे आकडे लॅटिनपुरतेच असतात. मजकुराची खरी शाई कुठपर्यंत जाते ते मोजून चौकट ठरवायचा पर्याय आहे, तो माहितीपत्रकात ठळक केला.

६ एप्रिल

सांगलीच्या एका विद्यार्थ्याची पहिली पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव), आणि ती कामाची आहे. एकेक अक्षर उमटत जाणारं हलतं चित्र काढायची सोय आपल्याकडे आहे. मराठीत ती भयंकर दिसते: आधी स उमटतो, मग त्याचा पाय मोडतो, मग व येऊन दोघांचं जोडाक्षर होतं. पाहणाऱ्याला शब्द सतत थरथरल्यासारखा वाटतो.

त्याने आधी प्रत्येक कोडवर तोडणं बंद करून युनिकोडच्या अक्षरगटांवर तोडायला घेतलं, तरी ‘स्वातंत्र्य’चे सहा गट पडले: स्, वा, तं, त्, र्, य. त्याने विचारलं, "दादा, नियमाप्रमाणेच केलंय, तरी चुकतंय. माझं कुठे अडतंय?" त्याचं काही अडलेलं नव्हतं, त्याने वापरलेली यादी जुनी होती. युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली, भारतीय लिप्यांतल्या काहींसाठी नवा नियम आला: व्यंजन, हलन्त, व्यंजन अशी साखळी मधे तोडायची नाही. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम त्यात आहेत. नवी यादी घेतल्यावर तीन गट मिळाले: स्वा, तं, त्र्य. मराठी माणूस हा शब्द असाच मोजतो. जॉइनर घातलेला ‘ऱ्या’ही या नियमात अखंड राहतो.

रिव्ह्यूला वेळ लागला, कारण मी त्याला प्रत्येक ठिकाणी टेस्ट जोडायला लावली. त्याने कुरकुर न करता जोडल्या. शिवाय अक्षरांमधली जागा वाढवणारा कोडही याच गटांवर आणला. त्यामुळे आता अंतर वाढवलं तरी वेलांटी आपल्या व्यंजनाला सोडत नाही. मर्ज केलं (मुख्य कोडमध्ये घेतलं), नाव श्रेयनामावलीत गेलं.

२० एप्रिल

कोड काढून टाकायचा आठवडा.

लायब्ररीच्या सर्वांत जुन्या भागात कैरोचं थेट मजकूर काढणारं फंक्शन अजून वापरात होतं. कैरोच्या माहितीपत्रकातच त्या सोयीला ‘टॉय’ म्हटलेलं आहे. ती प्रात्यक्षिकापुरती आहे, देवनागरीसारख्या लिपीची जुळणी ती करत नाही. खऱ्या कामासाठी ग्लिफांची यादी देणारं दुसरं फंक्शन आहे. आपल्याकडे आलेखाच्या अक्षांवरची नावं अजून जुन्या वाटेने जायची, म्हणून आलेखात ‘जिल्हा’ची वेलांटी उलट्या बाजूला दिसायची. आता मजकुराची वाट एकच आहे आणि ती हार्फबझमधून जाते.

काढून टाकण्याबद्दल कैरोकडूनच शिकण्यासारखं आहे. १.१६ ही स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०१८ ची, पुढची १.१८ आली सप्टेंबर २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत ती लायब्ररी असंख्य प्रोग्रॅमच्या पोटात चालूच होती. १.१८ काढताना त्यांनी न सांभाळता येणारे कित्येक भाग सरळ काढून टाकले. ज्याची टेस्ट चालवायला कुणी नाही, तो भाग ‘आहे’ म्हणणं ही वापरणाऱ्याची फसवणूक आहे. आपणही त्याच न्यायाने दोन जुने फाइल प्रकार बंद करतोय.

याच आठवड्यात विद्यार्थ्याला मर्जचे अधिकार द्यायचे का, यावर बोलणं झालं. मी हो म्हटलं. आवृत्ती प्रसिद्ध करायचे अधिकार मात्र वेगळे ठेवले. मार्च २०२४ मधल्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या प्रकरणात वर्षानुवर्षं विश्वास कमावलेल्या खात्यातूनच मागचं दार बसवलं गेलं होतं. म्हणून यापुढे आवृत्ती काढायला दोघांची संमती लागेल. पॅकेज कुणाच्या लॅपटॉपवर नाही, सार्वजनिक सीआयवरच (बांधणी आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवरच) बांधलं जाईल. हा नियम मलाही तितकाच लागू आहे.

१ मे

महाराष्ट्र दिनी आवृत्ती निघाली. यात ‘भाषा’ पर्याय, लोकेलचा इशारा, अक्षरगट, आलेखातली मराठी नावं. बदलांची नोंद इंग्रजीसोबत मराठीतही लिहिली. सोलापूरच्या सरांसारखे वापरणारे ती वाचतात, हे आता माहीत आहे.

पुण्याच्या गटाने सर्व्हरवरचं मराठी लोकेल काढून टाकलं आणि कोडमध्ये भाषा लिहिली. ल आणि श दोन्हीकडे सारखे.

१८ मे

मोडीची मागणी आली आहे. इतिहासाच्या एका अभ्यासिकेला जुन्या कागदांच्या प्रतिमांखाली मोडीत आणि देवनागरीत शीर्षकं द्यायची आहेत. मोडी युनिकोडमध्ये २०१४ पासून आहे, ७.० या आवृत्तीत आली. नोटो या फाँटमालिकेतला मोडी फाँट उपलब्ध आहे, हार्फबझमध्ये तिची जुळणी युनिव्हर्सल शेपिंग इंजिनमधून होते. आपला कोड चालवून पाहिला, अक्षरं उमटतात.

पण टेस्ट लिहायला अडलोय. देवनागरीत अपेक्षित यादी मी वाचून ठरवू शकलो, कारण चूक डोळ्याला लगेच खुपते. मोडी मला तितकी वाचता येत नाही, आणि आज जे उमटतं तेच बरोबर असं लिहून ठेवलं तर टेस्ट चुकीचीच राखण करत बसेल. मोडी वाचणारं कुणी हवंय. कोड येण्याची गरज नाही. पन्नासेक शब्दांची चित्रं आम्ही काढून देऊ, प्रत्येकापुढे बरोबर की चूक आणि चूक असेल तर कुठे, एवढंच लिहायचं. इश्यू उघडा ठेवलाय, मराठीत लिहिलं तरी चालेल.